सोसायटीचे सेक्रेटरी झालात? पहिल्या वर्षात लोकांचा विश्वास कसा कमवाल

वार्षिक सभेत कुणीच हात वर करत नव्हतं, शेवटी कुणीतरी म्हणालं "तुम्हीच व्हा की", बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही सेक्रेटरी झालात. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. टाळ्या वाजवणाऱ्या त्याच हातांनी पंधरा दिवसांत ग्रुपवर लिहिलं जातं, "कमिटी नक्की करते काय?" आणि महिन्याभरात लिफ्टमध्ये कुजबुज सुरू होते, "काहीतरी मिळत असणार, उगाच कोण करतंय."

मी पुण्यातल्या ५४ फ्लॅटच्या सोसायटीत सात वर्षं हे काम केलं. पगार नाही, अधिकार बेताचा, आणि ज्यांच्यावर तो चालवायचा ते सगळे रोज जिन्यात भेटणारे. ऑफिसात साहेब म्हणून तुमचं ऐकतील, इथे शेजारीसुद्धा साहेब आहे. कदाचित तुमच्या साहेबाचा साहेब असेल. म्हणून इथे शब्दाला वजन यायचं तर ते लोकांनी दिलं तरच येतं. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दरवर्षी कुणीतरी नवखा माणूस या खुर्चीत बसतो. हा लेख त्याच्यासाठी. आणि तिच्यासाठीही. माझ्यानंतर ज्या वहिनी सेक्रेटरी झाल्या, त्या माझ्यापेक्षा सरस निघाल्या.

आधी दप्तर ताब्यात घ्या, मग बोला

पहिल्या आठवड्यात कुठलीही घोषणा करू नका. जुन्या कमिटीकडून दप्तर घ्या आणि घेताना यादी करा: सभासद नोंदवही, शेअर सर्टिफिकेटची नोंद, इतिवृत्ताची वही, मागच्या तीन-चार वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, बँकेची पासबुकं आणि चेकबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, लिफ्टचा आणि पंपाचा देखभाल करार, विमा पॉलिसी, मंजूर नकाशे, कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं असेल तर त्याची कागदपत्रं. जे मिळालं नाही तेही यादीत लिहा, "मिळाले नाही" म्हणून. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. जुन्या सेक्रेटरींना राग येईल असं वाटतं, पण नीट सांगितलं तर येत नाही. ही यादी त्यांच्याही सोयीची असते. सहा महिन्यांनी एखादी फाइल सापडली नाही तर ती कुणाकडे होती यावरून भांडण होत नाही.

बँकेतल्या सह्या बदलून घ्या. याला वाटतं त्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. ठरावाची प्रत, प्रत्येकाचं आधार-पॅन, कुणीतरी गावाला गेलेलं. तोवर जुन्या सह्यांवर पैसे द्यायची वेळ आली, तर ते ग्रुपवर उघड सांगून द्या.

आणि उपविधी, म्हणजे सोसायटी चालवायचे लेखी नियम, वाचा. अख्खं पुस्तक. शासनाने २०१४ साली आदर्श उपविधी काढले, बहुतेक सोसायट्यांनी तेच स्वीकारलेत, पण तुमच्या सोसायटीने स्वीकारलेत का, की अजून जुनेच चाललेत, हे आधी तपासा. त्याच्या जोडीला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आहे. त्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र १३-ब प्रकरण आलं. सगळं पाठ नको. पण कुणी जिन्यात थांबवून "असं करता येतं का?" असं विचारलं, तर "बघून उद्या सांगतो" म्हणता आलं पाहिजे आणि उद्या खरंच सांगता आलं पाहिजे. माझा अनुभव सांगतो, लोक पहिल्यांदा तपासतात ते एवढंच: हा माणूस उद्या म्हणाला, तर उद्या येतो का.

पहिल्या महिन्यात ५४ दारं

घरोघर जा. निवडणुकीच्या प्रचाराला गेल्यासारखं नाही. शनिवारी-रविवारी सकाळी दहा ते बारा, दर वेळी सहा-सात घरं, हातात वही. एकच प्रश्न विचारा: "तुम्हाला इथे कशाचा त्रास होतो?" उत्तर लिहून घ्या. बाजू मांडू नका, कारणं देऊ नका, "ते बिल्डरमुळे आहे हो" असं तर अजिबात म्हणू नका.

मला यात दोन गोष्टी कळल्या ज्या चार वर्षं त्याच इमारतीत राहून कळल्या नव्हत्या. क विंगच्या वरच्या मजल्यावर सकाळी साडेसातनंतर पाणी बारीक होतं. ते लोक ग्रुपवर कधी बोलले नव्हते, कारण त्यांच्यापैकी दोघं ग्रुपवर नव्हतेच. आणि तळमजल्यावरच्या एका आजींना पार्किंगमधल्या दिव्याचा उजेड रात्रभर डोळ्यांवर येत होता. दिव्याला अडीचशे रुपयांची छत्री बसवली, तासाभराचं काम. पुढची सात वर्षं त्या घरातून माझ्याविरुद्ध एक शब्द आला नाही, मी चुकलो तेव्हाही.

भाडेकरूंच्या घरीही जा. ते सभासद नाहीत, सभेत मत नाही, म्हणून कमिट्या त्यांना मोजत नाहीत. पण कुठला व्हॉल्व्ह कधी बंद होतो, वॉचमन किती वाजता झोपतो हे त्यांना जास्त माहीत असतं. त्यांच्या मालकाकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं शुल्क, घेताना मर्यादा लक्षात ठेवा. २००१ सालच्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. "आमच्याकडे पूर्वीपासून दुप्पट घेतात" असं जुने लोक सांगतील. पूर्वीपासून चुकीचं चाललंय एवढाच त्याचा अर्थ.

वहीतली सगळी कामं होणार नाहीत. त्यातली स्वस्त, लगेच होणारी आणि सगळ्यांना दिसणारी तीन निवडा आणि महिन्याभरात उरका. मोठ्या कामाला, म्हणजे रंगकाम, लिफ्ट, पुनर्विकास यांना पहिल्या वर्षी हात घालू नका, अगदी गळ्याशी आलं असेल तरच.

विचारायच्या आधी दाखवा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात टँकर लागतात. मार्चअखेरपासून महापालिकेचं पाणी कमी दाबाने यायला लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये रोज एक, कधी दोन टँकर. टँकरचा खर्च हा सोसायटीतल्या संशयाचा सगळ्यात सुपीक प्रदेश आहे. रात्री अकराला टँकर येतो, वॉचमन चिठ्ठीवर सही करतो, महिन्याअखेरीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा येतो आणि खजिनदार चेक फाडतो. टँकर आले का, भरलेले होते का, कुणी पाहिलं? माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात ग्रुपवर स्पष्टच लिहून आलं की टँकर निम्मे येतात आणि बिल पुरं लागतं. रोख कमिटीवर होता.

राग आला. उत्तर टाइप केलं, चांगलं लांबलचक, आणि पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी एक जुनी पडद्याची काठी घेतली, तिच्यावर मेजरिंग टेपने दर पाच सेंटीमीटरला मार्करने खुणा केल्या. आमची भूमिगत टाकी आतून चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. म्हणजे तळ दहा चौरस मीटरचा. टँकर दहा हजार लिटरचा, म्हणजे दहा घनमीटर. पंप बंद ठेवला, आणि नळाचं पाणी येत नसलं, तर एका टँकरने पाणी बरोबर एक मीटर वर चढलं पाहिजे. शाळेतलं गणित.

रात्री टँकर आला. पंप बंद केला, काठी बुडवली: ६० सेंटीमीटर. पाइप लावला, पंचवीसेक मिनिटं पाणी पडलं, ड्रायव्हर म्हणाला झालं. पुन्हा काठी बुडवली. १३८.

एक मीटर चढायला हवं होतं, चढलं ७८ सेंटीमीटर. दहा हजारांच्या जागी सात हजार आठशे लिटर. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, काठी वाकडी असेल. दुसऱ्या रात्री ग्रुपवरच्या त्याच गृहस्थांना, ज्यांनी आरोप केला होता, फोन करून खाली बोलावलं आणि काठी त्यांच्या हातात दिली. त्या रात्री ८० भरलं.

पुरवठादार बदलला. पण खरा बदल झाला तो नंतर लिफ्टशेजारी लावलेल्या तक्त्याने. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, आधीची पातळी, नंतरची पातळी, वॉचमनची सही आणि एका सभासदाची सही. कुठलाही सभासद, जो त्या वेळी जागा असेल तो. दर उन्हाळ्यात तो तक्ता भरला गेला. मेच्या मध्यापर्यंत लोक तो वाचणंही बंद करायचे. वाचायची गरज वाटेनाशी झाली, यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

लक्षात घ्या, आरोप अर्धा खरा होता. पैसे कमिटी खात नव्हती, पण पाणी कमी येत होतं आणि कमिटी ते मोजत नव्हती. रात्री लिहिलेलं ते लांबलचक उत्तर पाठवलं असतं, तर मी खोट्याची बाजू घेतली असती, तीही प्रामाणिकपणे.

हीच रीत बाकी हिशोबाला लावा. दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत एक पानी जमाखर्च नोटीस बोर्डावर: किती आले, कुठे गेले, बँकेत किती शिल्लक, थकबाकी एकूण किती. कायद्याने सभासदाला कागदपत्रं पाहायचा आणि शुल्क भरून प्रती मागायचा हक्क आहेच. पण त्याला अर्ज करायला लावलात की त्याच्या मनात "लपवतायत" हे बसलं. अर्ज यायच्या आधी कागद भिंतीवर असू द्या.

हिशोब काढणारे काका

प्रत्येक सोसायटीत एक असतात. आमचे पहिल्या मजल्यावर होते, बँकेतून निवृत्त. बल्बच्या ३४० रुपयांच्या बिलावर त्यांनी मला सभेत वीस मिनिटं उभं केलं. कुठला बल्ब, किती वॅटचा, जुना कुठे आहे. लोक हसत होते, मी दात-ओठ खात होतो.

नंतर कधीतरी सुचलं आणि मी तीन महिन्यांच्या व्हाउचरची फाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो. "काका, लेखापरीक्षकाकडे द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघता का?" त्यांनी चष्मा पुसला, पट्टी घेतली, आणि डायनिंग टेबलावर एकेक ओळ पट्टीखाली धरून वाचायला बसले. काकूंनी दोनदा चहा दिला. अडीच तासांनी त्यांना सापडलं की टाकी साफ करणाऱ्याने बिलात जीएसटी लावलाय, पण बिलावर जीएसटी नंबरच नाही. तो पैसा परत घेतला.

त्यानंतर दर तिमाहीला फाइल त्यांच्याकडे जायची. पुढच्या वार्षिक सभेत कुणीतरी खर्चावर शंका काढली, तेव्हा मी उत्तर द्यायच्या आधी काका बसल्या जागेवरून म्हणाले, "मी बघितलंय. बिलं आहेत." विषय संपला. माझं अर्ध्या तासाचं भाषण जे करू शकलं नसतं ते या दोन वाक्यांनी केलं. मात्र काका माझ्या बाजूचे झाले असं समजू नका. त्याच सभेत त्यांनी माझ्या सीसीटीव्हीच्या प्रस्तावाला कडाडून विरोध केला आणि तो पाडलाही. तुमच्या शब्दाला वजन यायचं तर आजूबाजूला असा माणूस लागतो ज्याला कुणी तुमचा होयबा म्हणणार नाही.

माझी घोडचूक

आता माझी घोडचूक सांगतो, कारण ती तुम्हीही कराल.

पहिल्याच वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. तीन लाखांच्या आसपासचं काम. ओळखीचा एक कंत्राटदार होता, काम चोख, दर कमी. पावसाळा तोंडावर होता. दुसरी कोटेशनं न मागवता मी कमिटीत सांगितलं, "मी ओळखतो त्याला, माझ्यावर विश्वास ठेवा." ठेवला. काम उत्तम झालं, आजतागायत गच्ची गळलेली नाही.

त्याच महिन्यात मी आमच्या बाथरूमच्या फरशा बदलल्या. त्याच माणसाकडून. कारागीर इथेच आहेत, सामान इथेच येतंय, सोयीचं होतं. पैसे मी माझ्या खात्यातून दिले, पावती आहे. पण पोतं गच्चीवर गेलं की माझ्या घरात गेलं हे जिन्यातून पाहणाऱ्याला कसं कळणार? "सेक्रेटरीचं बाथरूम सोसायटीच्या पैशातून झालं" ही बातमी आठवड्यात तिन्ही विंगांत पोचली. कुणी तोंडावर विचारलं नाही, म्हणून पावती दाखवायचीही सोय नव्हती. आपणहून दाखवली असती तर चोराच्या मनात चांदणं. ते धुऊन निघायला दोन वर्षं गेली.

तेव्हापासून पाळलेले नियम देतो, तसेच घ्या.

- ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक कामाला कमीत कमी तीन कोटेशनं, बंद पाकिटात, आणि पाकिटं कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर फोडायची. कमिटीला सभेच्या परवानगीशिवाय किती खर्च करता येतो याची मर्यादा उपविधीत आहे, ती ओलांडायची नाही.
- सगळ्यात कमी दराचं नाकारलं तर का, ते इतिवृत्तात लिहायचं.
- सोसायटीचं काम करणाऱ्या माणसाकडून घरचं काम, ते चालू असेपर्यंत आणि पुढचे सहा महिने, करून घ्यायचं नाही. दिवाळीला त्याने दिलेला सुक्या मेव्याचा डबा वॉचमनच्या केबिनमध्ये उघडायचा.
- कंत्राटदार नात्यातला असेल तर आपणहून सांगायचं आणि त्या विषयाला बैठकीतून बाहेर जायचं. कंत्राटात हितसंबंध असलेल्याने कमिटीवर बसू नये असा नियमच आहे.

"माझ्यावर विश्वास ठेवा" हे वाक्य मात्र शब्दकोशातून काढून टाका. ज्याला ते म्हणावं लागतं त्याच्यावर कुणी ठेवत नाही.

थकबाकीदारांकडे जाताना

मेंटेनन्स थकवणारे तीन प्रकारचे: विसरलेले, अडचणीतले आणि भांडणातले. यादीवर तिघं सारखेच दिसतात, म्हणून नोटीस काढायच्या आधी प्रत्यक्ष भेटा. आमच्याकडे एका घरी आठ महिन्यांची थकबाकी होती. गेल्यावर कळलं की नोकरी गेलीय आणि ते कुणालाच सांगितलेलं नाही. कमिटीत नाव न घेता हप्ते ठरवले, लेखी घेतलं, आणि बोर्डावर त्यांचं नाव लागणार नाही हे पाहिलं. सगळे पैसे आले. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनीच नंतर चार लोकांना सांगितलं.

भांडणातल्याशी मात्र कागदाने वागा. "आधी गळती थांबवा, मग पैसे देतो" हे नेहमीचं. गळतीचा नियम साधा आहे. पावसाचं पाणी, बाहेरची सामायिक पाइपलाइन आणि सांडपाण्याची लाइन यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी त्या-त्या सभासदाने. गळती सोसायटीची असेल तर ती आधी थांबवा, मग वसुलीला जा. उलट क्रमाने गेलात तर कायदा तुमच्या बाजूने असूनही इमारत त्याच्या बाजूने जाते. तरीही भरत नसेल तर नोटिसा देऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा आदेश, मिळवता येतो. पूर्वी तो सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली मिळायचा, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९ आहे. पाणी तोडणे, लिफ्ट बंद करणे असल्या भानगडीत पडू नका. आपण अडचणीत येतो आणि थकबाकीदार बिचारा ठरतो.

व्याजाचं एक. २०१४च्या आदर्श उपविधीत उशिरा भरणाऱ्याला सालीना २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. सभा त्याहून कमी ठरवू शकते. आमच्याकडे २१ होतं. एकदा मी स्वतः एका महिन्याचं बिल दोन महिने भरायचं विसरलो. खजिनदार म्हणाला, जाऊ दे. महिन्याचे ३,२०० रुपये, तेव्हा त्याला सांगितलं की ११२ रुपये व्याज लाव आणि इतरांच्या यादीत माझंही नाव ठेव. बोर्डावर लागलं. दोन दिवस लोकांनी लिफ्टमध्ये थट्टा केली. त्यानंतर "आम्हालाच व्याज का" म्हणत कुणी आलं नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात उत्तम गुंतलेले ११२ रुपये.

असाच प्रसंग पार्किंगचा. जागांपेक्षा गाड्या जास्त असतील तर दरवर्षी सोडत काढायची, हे उपविधीत आहे. सोडत काढणं सोपं, पाळणं अवघड. आमचे मेहुणे गणपतीत आले आणि दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून वर जेवायला बसले. वॉचमन वर येऊन दारात घुटमळला. तो काय बोलणार? मीच मेहुण्यांना ताटावरून उठवलं. घरात दोन दिवस अबोला होता. त्याची तपशीलवार माहिती इथे देत नाही.

सभा

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस १४ पूर्ण दिवस आधी जावी लागते. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हे झालं कायद्याचं. सभा जिंकली किंवा हरली जाते ती त्या चौदा दिवसांत.

आमची लिफ्ट बदलायची होती. उपविधीनुसार लिफ्टचा खर्च सगळ्या सभासदांना समान, कुणी वापरो वा न वापरो. तळमजल्यावर सहा घरं. त्यांचं म्हणणं, आम्ही पाय ठेवत नाही तिथे, आम्ही का द्यायचं? माणूस म्हणून ऐकलं तर चुकीचंही वाटत नाही. नोटीस काढली त्याच आठवड्यात मी त्या सहाही घरी गेलो. उपविधीचं पान सोबत नेलं, पण आधी त्यांचं ऐकलं. एक काकू म्हणाल्या, "पैशाचं नाही हो, पण आमच्या खिडकीखाली गटाराचं झाकण तीन वर्षं फुटलंय, ते कधी कुणाला दिसलं नाही. आता लिफ्टला मात्र आम्ही दिसलो." झाकण सभेच्या आधी बसवलं. लाच म्हणून नव्हे, बसवायलाच हवं होतं. लिफ्टचे पैसे सहा हप्त्यांत घ्यायचं सुचवलं, सगळ्यांसाठीच.

सभेत त्या सहांपैकी चौघांनी ठरावाच्या विरोधात हात वर केला. ठराव झाला. इतिवृत्तात मी चौघांची नावं आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं, आणि मसुदा त्यांना वाचायला दिला. एकाने एक शब्द बदलायला सांगितला, बदलला. सहाही घरांचे पहिले हप्ते वेळेवर आले.

सभेच्या बारीक गोष्टी. खुर्च्या समोरासमोर न मांडता गोल मांडा, टेबलामागे कमिटी बसली की कोर्ट भरल्यासारखं होतं. कठीण विषय पहिल्या अर्ध्या तासात घ्या, शेवटी ठेवलात तर लोक उठून जातात आणि मग "आम्ही नसताना ठरवलं" सुरू होतं. बटाटेवडे सभेनंतर, आधी नाही. आणि ज्याचं उत्तर माहीत नाही त्याला "माहीत नाही, अमुक तारखेला बोर्डावर लावतो" एवढंच म्हणा.

ग्रुप

दोन व्हॉट्सॲप ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, जिथे कमिटीच लिहील. दुसरा गप्पांचा, जिथे तुम्ही सेक्रेटरी म्हणून बोलायचं नाही. तक्रार ग्रुपवर आली तर "पाहिलं, सकाळी प्लंबर येतोय" एवढं लिहा आणि बाकीचं प्रत्यक्ष बोला. रात्री दहानंतर ग्रुपवर उत्तर देऊ नका. पाणी किंवा लिफ्ट सोडली तर रात्री दहानंतरचं कुठलंच काम सकाळी सातच्या आत होणार नसतं. काम लांबलं तर लोकांनी विचारायच्या आधी लांबल्याचं कारण टाका. आणि भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरची चर्चा ग्रुपवर कधीही सुरू होऊ देऊ नका. का, ते विचारू नका.

वॉचमन आणि बाकीचे

सोसायटीचं मत फाटकापाशी तयार होतं. वॉचमन, झाडलोट करणाऱ्या मावशी, घराघरांत जाणाऱ्या पोळ्यावाल्या ताई. संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या काकूंपर्यंत जी बातमी जाते ती यांच्याकडून. त्यांचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला मिळतील हे पाहा, एजन्सीकडून वॉचमनच्या हातात नक्की किती पडतात हेही विचारा. रात्रपाळीवाल्याला स्वच्छतागृहाची किल्ली आणि पिण्याचं पाणी आहे ना, पाहा. आमच्याकडे पंपाची मोटार जळायच्या आदल्या रात्री तिचा आवाज बदलल्याचं वॉचमनने येऊन सांगितलं. त्याचं सांगणं यापूर्वी कुणी ऐकून घेतलं नसतं तर तो आलाच नसता.

सोडताना

खुर्ची किती दिवस धरायची हे आधीच ठरवा आणि तेवढ्यातच सोडा. मी दोन वर्षं जास्त राहिलो. शेवटी शेवटी लोक मलाच विचारल्याशिवाय बल्ब बदलेनात, आणि मला ते आवडायला लागलं होतं, हेही लिहून ठेवतो.

नव्या माणसाला दप्तर देताना तुम्ही जशी यादी मागितली होती तशी स्वतःहून द्या. बँकेच्या सह्या, ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड, प्रत्येक किल्लीला चिठ्ठी. अर्धवट राहिलेल्या कामांचं वेगळं पान करा आणि त्यात आपल्या चुकांमुळे राहिलेलीही लिहा. पुढचे तीन महिने विचारलं तर सांगा, न विचारता सभेत बोलू नका. नव्या सेक्रेटरींनी टँकरचा तक्ता बंद करून मोबाइलवर फोटो काढायची पद्धत आणली, तेव्हा मी जीभ चावून गप्प बसलो. त्यांची पद्धत जास्त चांगली आहे.

पंपरूमची एक किल्ली मात्र वॉचमनकडे राहील असं पाहा. नाहीतर पहाटे तीनला पाणी गेलं की बेल तुमच्याच दाराची वाजते.